सहाशेचा टॉर्क आणि जालना रोडचे सिग्नल

पाच वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली, मोठ्या इंजिनाची डिझेल एसयूव्ही विकायला आली की बघणारे हरखून जातात. मी म्हणेन, अशी गाडी दिसली की आधी शंका घ्या. पेट्रोल गाडीचं रनिंग कमी असणं हा गुण आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर आणि सहाशे न्यूटन मीटरच्या घरातला टॉर्क असलेल्या डिझेल गाडीचं रनिंग कमी असेल, तर ती बहुधा शहरात रखडलेली असते, आणि रखडणं या इंजिनांना मानवत नाही.

माझी गाडी अशीच मुंबईहून आली. वांद्र्यातलं घर ते बीकेसीतलं ऑफिस, एवढाच तिचा प्रवास. सात आसनं, अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन, रिकामं वजन सव्वादोन टनांच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे सांगणार आहे ते या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. वाळूजला माझं फॅब्रिकेशनचं लहान युनिट आहे आणि तेव्हा बुटीबोरीच्या एका कारखान्याचं काम मिळायची बोलणी चालू होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेला होता. संभाजीनगरहून नागपूर चारशेहून जास्त किलोमीटर, मध्ये एकही सिग्नल नाही. या रस्त्यासाठी अशी गाडी हवी, असा माझा हिशेब होता, आणि तो पुढे बरोबरही ठरला. पण काम हातात यायला वेळ लागला. तोवर गाडी सिडकोतलं घर, बँक, क्रांती चौकातलं सीएचं ऑफिस आणि पुन्हा घर, अशी जालना रोडच्या सिग्नलांवर थांबत फिरत राहिली.

पहिली खूण ऐकू आली. गाडी बंद करून मी उतरलो तरी पुढचा पंखा घोंघावत राहायचा, मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. मग लक्षात आलं, की सिग्नलला इंजिनच्या फेऱ्या नेहमीपेक्षा थोड्या वर असतात आणि एरवी आपोआप बंद होणारं इंजिन तेव्हा बंद होत नाही. मीटरवरचं ॲव्हरेज खाली आलं. लिफ्टमधून वर जाताना कपड्यांना जळक्याचा वास यायचा. लाल दिवा कुठलाच नव्हता.

आमच्या चिकलठाण्याच्या उस्तादांकडे गाडी नेली. ते स्कॅनर नंतर लावतात, आधी हात लावतात. बॉनेट उघडून त्यांनी डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, काढली आणि उजेडाकडे धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर. चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला आणि काही न बोलता डिपस्टिक माझ्या नाकाशी आणली. डिझेलचा स्पष्ट वास.

‘‘शेठ, वरून ऑइल टाकलं होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग वाढलं कसं? गाडी डिझेल पिते आणि ऑइलमध्ये ओकते.’’

याचं कारण कळलं की या गाड्यांचं अर्धं गणित कळतं. डिझेल जळताना काजळी होते. ती हवेत जाऊ नये म्हणून धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची सिरॅमिकची गाळणी असते. ती ठरावीक भरली की इंजिनचा कॉम्प्युटर साठलेली काजळी आतल्या आत जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाळणीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. सिग्नलमागून सिग्नल घेत चालणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. मग कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये नेहमीच्या वेळेनंतर, उशिरानं, थोडं जादा डिझेल फवारतो. ते पुढे जाऊन जळतं आणि गाळणी तापते. हे काम पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. तुम्ही आठव्या मिनिटाला बँकेसमोर गाडी बंद केलीत की ते अर्धवट राहतं. पंखा घोंघावत असतो तो त्यामुळेच. थोड्या वेळानं गाडी पुन्हा सुरू केली की पुन्हा प्रयत्न, पुन्हा अर्धवट. आणि उशिरा फवारलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. टर्बोच्या बेअरिंगला, टायमिंग चेनला जे जाड पांघरूण लागतं ते राहत नाही. म्हणजे बिघाड सुरू होतो सायलेन्सरच्या वाटेत आणि पोचतो इंजिनच्या पोटात.

उस्तादांनी ऑइल बदललं आणि औषध म्हणून रस्ता सांगितला. पाऊण टाकी डिझेल भरा, सावंगीहून समृद्धीवर चढा, गिअर एक-दोन खाली ठेवून इंजिनच्या फेऱ्या दोन हजारांच्या वर राहतील अशी गाडी जालन्याच्या पुढे नेऊन आणा. तेवढ्यानं त्या वेळी भागलं. नंतर बुटीबोरीचं काम सुरू झालं, गाडी आठवड्याला नागपूर करू लागली आणि पंखा, वास, ॲव्हरेज या सगळ्या तक्रारी गेल्या. सुटे भाग तेच, गाडी तीच. वापर बदलला आणि तिची तब्येत सुधारली.

काजळी जळते, राख जळत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. राख येते ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची. ती गाळणीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि त्याचा कंपनीचा मंजुरी क्रमांक डब्यावर छापलेला असतो. नुसतं ‘सिंथेटिक आहे, महाग आहे’ यावर जाऊ नका. ट्रकला चालणारं ऑइल या इंजिनात घालून स्वस्तात सर्व्हिसिंग उरकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या गाळणीचं आयुष्य समृद्धीवर कितीही पळवलं तरी परत येत नाही. नवी गाळणी लाखांत जाते.

आता त्या आकड्यांबद्दल, ज्यांच्यासाठी लोक या गाड्या घेतात. शोरूममध्ये अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचे सेकंद आधी सांगतात. डिझेलची खरी कमाई टॉर्कमध्ये असते, आणि तो किती फेऱ्यांना मिळतो यात असते. साधा हिशेब करा. १६०० फेऱ्यांना ६०० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे १०० किलोवॉट, १३५ च्या आसपास अश्वशक्ती. लहान पेट्रोल गाडीचं इंजिन सहा हजार फेऱ्यांना किंचाळत ऐंशी-नव्वद देतं, आणि हे इंजिन जेमतेम जागं असतानाच त्याच्या दीडपट देऊन बसतं. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरला माझं इंजिन अठराशेच्या आसपास फिरतं, म्हणजे अगदी त्याच्या टॉर्कच्या मळ्यात. चढ आला तरी गिअर बदलत नाही. हा अनुभव खरा आहे आणि त्याला तोड नाही.

पण या टॉर्कचा उपयोग कुठे होतो ते बघा. २००६ साली फोक्सवॅगनच्या टूआरेग व्ही-१० टीडीआयनं (३१३ अश्वशक्ती, ७५० न्यूटन मीटर) इंग्लंडमधल्या डन्सफोल्डच्या धावपट्टीवर १५५ टनांचं बोइंग ७४७ ओढलं. त्यासाठी गाडीत चार टनांहून जास्त वजन भरावं लागलं होतं. टायरनं जमीन धरली नाही तर साडेसातशेचा टॉर्क चाक जागच्या जागी फिरवण्यात जातो, म्हणून. २०१७ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर पोर्शच्या केयेन एस डिझेलनं (३८५ अश्वशक्ती, ८५० न्यूटन मीटर) २८५ टनांचं एअरबस ए-३८० बेचाळीस मीटर ओढून गिनीजचा विक्रम केला. या चित्रफिती पाहून आमचे साडू गाडी घ्यायला निघाले होते. त्यांच्या दुकानासमोर विमान येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

एक काळ होता, जेव्हा युरोपातल्या कंपन्यांमध्ये या आकड्यांची चढाओढच लागली होती. २००८ मध्ये ऑडीनं क्यू ७ मध्ये बारा सिलिंडरचं सहा लिटरचं डिझेल इंजिन बसवलं, ५०० अश्वशक्ती आणि १००० न्यूटन मीटर. २०१६ च्या एसक्यू ७ मध्ये आठ सिलिंडर, ४३५ अश्वशक्ती, ९०० न्यूटन मीटर, तोही अवघ्या १००० फेऱ्यांपासून. टर्बोला धुराचा जोर मिळेपर्यंत जो क्षणभर थांबावं लागतं तो उशीर भरून काढायला तिथे ४८ व्होल्टच्या विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर लावला होता. तेच इंजिन बेंटलीनं बेन्टायगात घातलं आणि ताशी २७० किलोमीटरचा वेग सांगितला. बीएमडब्ल्यूनं एक्स ५ च्या एम५०डी मध्ये आधी तीन आणि मग चार टर्बो बसवले. मला यंत्र म्हणून ही इंजिनं फार आवडतात. पण सेकंडहँड बाजारात चार टर्बोची गाडी दिसली तर चार टर्बो म्हणजे बिघडू शकणाऱ्या चार जागा, एवढंही मनात येऊ द्या.

आज आपल्याकडे या वर्गात जे मिळतं ते मोजकं आहे. चाकणला तयार होणारी मर्सिडीजची जीएलएस ४५०डी, ३६७ अश्वशक्ती आणि ७५० न्यूटन मीटर. टोयोटाची लँड क्रूझर ३००, तीन हजार तीनशे सीसी, ३०९ अश्वशक्ती, ७०० न्यूटन मीटर. रेंज रोव्हर २०२४ पासून पुण्यात जोडली जाते, तिच्यातही तीन लिटरचं डिझेल आहे. आमच्या शेंद्र्यात ऑडीची क्यू ७ जोडतात, पण ती आता फक्त पेट्रोल. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा ऑडीनं भारतातलं डिझेल सोडून दिलं. पोर्शनं तर सप्टेंबर २०१८ मध्ये जगभरच डिझेल बंद केल्याचं जाहीर केलं. यामागे २०१५ चं उत्सर्जन प्रकरण आहे. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस दिली आणि नोव्हेंबरात तीन लिटरची सहा सिलिंडर इंजिनंही तिच्यात ओढली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयनं तपासणी केली आणि डिसेंबरात कंपनीनं ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्याचं सांगितलं, ती लहान इंजिनं होती. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुरामागे गाळणीबरोबर युरियाची यंत्रणाही पक्की चिकटली.

ही युरियाची भानगड नव्या माणसाला ठाऊक नसते. निळ्या झाकणाची छोटी टाकी असते, तिच्यात डीईएफ, म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया भरायचा. तो संपत आला की मीटरवर उलटी मोजणी सुरू होते, इतके किलोमीटर उरले, तितके उरले. शून्यावर आल्यानंतर गाडी एकदा बंद केलीत की परत सुरू होत नाही, हे नियमानंच तसं ठेवलेलं आहे. मेकॅनिकला शिव्या देऊन उपयोग नाही. मराठवाड्याच्या उन्हात हे द्रव लवकर खराब होतं, म्हणून उघड्यावर ठेवलेला ढाब्यावरचा कॅन घेऊ नका, सीलबंद आणि ताज्या तारखेचा घ्या. आणि पंपावरच्या पोराला स्वतः उभं राहून टाकी दाखवा. डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं आणि गाडी सुरू केलीत, तर दोन हजार बारच्या दाबावर चालणारी इंधनाची सगळी यंत्रणा उतरवावी लागते. चुकून गेलंच, तर चावीसुद्धा फिरवू नका, टोइंग बोलवा.

वजनाचा आकडा कोणी वाचत नाही, आणि माझ्या मते ब्रोशरमधला तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. सव्वादोन टनांच्या गाडीत सात माणसं आणि सामान चढलं की ती पावणेतीन टनांपुढे जाते. ताशी १२० ला नुसत्या रिकाम्या गाडीत जी गतिज ऊर्जा असते ती एक टनाच्या लहान गाडीत ताशी ८० ला असते त्याच्या पाचपट. ब्रेकला ती सगळी उष्णतेत घालवावी लागते. वेग १२० चा १५० केला की ती आणखी छपन्न टक्क्यांनी वाढते, कारण वेगाचा वर्ग होतो. आत बसलेल्याला यातलं काही कळत नाही. काचा जाड, आवाज नाही, गाडी रस्त्याला चिकटलेली. लहान गाडी ११० ला थरथरून सांगते की पुरे. ही सांगत नाही. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे आणि कॅमेरेही आहेत, पण ते सोडा. १२० ला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर जातात आणि थांबेपर्यंत शंभरेक. पुढे बंद पडलेला ट्रक रात्री दिव्याशिवाय उभा असतो, त्याला आपल्या टॉर्कचं काही नसतं.

घाटात या वजनाचा वेगळा पाठ मिळतो. कन्नडचा घाट उतरताना मी एकदा नुसत्या ब्रेकवर होतो आणि खाली पोचेपर्यंत पुढच्या चाकांतून करपल्याचा वास येत होता. ऑटोमॅटिक गाडी आपण सांगितल्याशिवाय खालचा गिअर पुरेसा धरून ठेवत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलनं तिसऱ्यात आणा, ब्रेक अधूनमधून जोरात दाबा आणि सोडा, सतत घासत ठेवू नका. ‘हिल डिसेंट’चं बटण घाटासाठी नाही, ते दगडधोंड्यांच्या कच्च्या उतारासाठी आहे.

टायरवर मला मुद्दाम थोडं थांबायचं आहे. गाडी आणली त्या आठवड्यात मी चारी टायरच्या बाजूला बसून अक्षरं वाचली. मुंबईच्या मालकानं मागची दोन टायरं बदललेली होती, माप बरोबर, नक्षी चांगली, जवळजवळ कोरी. पण मापाच्या पुढे जो छोटा आकडा असतो तो पुढच्या टायरांवर १०९ होता आणि मागच्यांवर १०५. तो भाराचा क्रमांक. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, १०५ म्हणजे ९२५. सात माणसं बसली की बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो आणि नेमकी तीच टायरं हलकी होती. दुकानदारानं स्वस्त पडलं म्हणून दिली असणार, शहरात ती निभावलीही असती. समृद्धीच्या काँक्रीटवर, मे महिन्यात, दोन तास सलग पळताना निभावली नसती. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. त्याच बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. कमी रनिंगच्या गाडीचं टायर दिसायला कोरं आणि वयानं म्हातारं असतं. या मापाच्या टायरांना एकेकाला तीस-चाळीस हजार पडतात, तेव्हा सौदा ठरवताना हे आकडे मोबाइलवर फोटो काढून समोर ठेवा. हवेचा दाब किती, हे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत असतं; रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगवेगळे असतात. पंक्चरवाला सगळ्यांना पस्तीस भरतो.

एअर सस्पेन्शनबद्दल एकच सांगतो: गाडी सकाळी बघा. विकणाऱ्याला आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, मी सातला येतो. रबराच्या हवेच्या पिशवीला बारीक चीर असली तर गाडी रात्रभरात एका कोपऱ्यात बसते. इंजिन सुरू केलं की मिनिटभरात उभी राहते, मग कोणाला पत्ता लागत नाही. चीर लहान असते, पण ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो आणि शेवटी तोच जळतो. सकाळी बघण्याचा दुसरा फायदा असा की इंजिन थंड असतं. गरम इंजिन दाखवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असं उस्ताद म्हणतात. मी एवढं कठोर म्हणणार नाही, पण बॉनेटला हात लावून बघतो.

आता साडूंची गोष्ट. विमानाच्या चित्रफिती पाहून त्यांनी शेवटी घेतलीच, आठ सिलिंडरची, डीएल पासिंगची, नवव्या वर्षाला आलेली. दिल्लीच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात का येतात ते समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्ली परिसरात बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. १६ डिसेंबर २०१५ ला तर न्यायालयानं दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच तिथे थांबवली होती. ती १२ ऑगस्ट २०१६ ला एक टक्का पर्यावरण शुल्क लावून सुरू झाली. नियमांत पुढेही बदल होत राहिले, पण भाव एकदा पडला तो पडला. म्हणून नववं वर्ष लागलं की तिथला मालक गाडी काढतो. गाडी वाईट असतेच असं नाही. पण एमएच २० पासिंग करायचं तर दिल्लीची एनओसी, बँकेचा बोजा उतरवल्याचं पत्र आणि इथला रोड टॅक्स. वीस लाखांवरच्या डिझेल मोटारीला महाराष्ट्रात तो पंधरा टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण मूळ किंमतच ऐंशी लाखांची असेल तर कमी झालेला आकडाही बघून घाम फुटतो. साडूंना हे सौदा झाल्यावर कळलं. एजंटाला आधीपासून माहीत होतं.

त्यांचं दुकान घरापासून चार किलोमीटरवर. म्हणजे माझ्या गाडीला जो आजार झाला तो त्यांच्या गाडीला दुप्पट वेगानं होणार, हे दिसतच होतं आणि झालाही. मग त्यांना कोणीतरी सांगितलं की डीपीएफ काढूनच टाका, वरून इंजिनचा कॉम्प्युटर रीमॅप करा, साठ अश्वशक्ती वाढते, कटकट मिटते. हे दोन्ही उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं सायलेन्सरमधली रिकामी नळी पाहिली की दावा अडकतो. आणि यंत्राच्या बाजूनं सांगायचं, तर गिअरबॉक्सची टॉर्क सोसण्याची मर्यादा कंपनीनं ठरवलेली असते. इंजिनचा टॉर्क शंभरानं वाढवला म्हणून ती मर्यादा वाढत नाही. गिअरबॉक्सचं बिल इंजिनच्या बिलापेक्षा फारसं मागे नसतं. रीमॅप नको हे साडूंनी ऐकलं, गाळणी काढली. आता पीयूसीला नेताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

साडूंसारखं दुकान असेल, मुलांच्या शाळा-क्लासची ने-आण असेल, महिन्यातून एखादंच शिर्डी-शिंगणापूर असेल, तर त्याच पैशात पेट्रोल किंवा हायब्रीड घ्या. आठवड्याला निदान एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर पळणार असेल, आठवड्याला नाशिक किंवा नागपूर असेल, गाडी भरलेली असेल, तर डिझेलला पर्याय नाही असं मी अजूनही म्हणतो. भरल्या गाडीला समृद्धीवर लिटरला अकरा-बारा मिळतात. तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल गाडीला त्याच रस्त्यावर आठ-नऊच्या वर जाताना मी पाहिलेलं नाही.

घ्यायचीच ठरवली तर स्कॅनरवाला सोबत न्या, हजार-दोन हजार घेईल. त्याला चार गोष्टी वाचायला सांगा. गाळणीत काजळी किती, राख किती, शेवटचं रिजनरेशन पूर्ण होऊन किती किलोमीटर झाले आणि त्याआधीच्या दोन रिजनरेशनमध्ये किती अंतर होतं. निरोगी गाडीत ते अंतर काही शे किलोमीटर असतं. साठ-सत्तरवर आलं असेल तर गाडी चालवून बघण्यातही वेळ घालवू नका. स्कॅनरमध्ये इंजिन किती तास चाललं हेही काही गाड्यांत मिळतं. किलोमीटरला तासांनी भागा. सरासरी वेग पंधरा-अठरा आला तर मालक ‘सगळं हायवे रनिंग’ म्हणत असला तरी गाडीनं सिग्नलच पाहिले आहेत. चालवून बघताना शहरात फेरी मारू नका. इथे असाल तर समृद्धीवर चढा, पुण्यात असाल तर द्रुतगती मार्गावर. ताशी ८० ला असताना पाय पूर्ण दाबा आणि ताकद एका दमात येते की मध्ये अडखळते ते बघा. परत आल्यावर गाडी उभी करून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, खाली वाकून बघा, वास घ्या.

माझी गाडी मागच्या दिवाळीनंतर नांदेडच्या एका कंत्राटदारांनी घेतली. ते सकाळी सातला आले, बॉनेटला हात लावला, टायरांचे फोटो काढले आणि स्कॅनरचे कागद मागितले. प्रत्येक सर्व्हिसिंगचे छापील कागद माझ्या फाइलमध्ये होते, ते दिले. भावात त्यांनी घासाघीस केली ती मागच्या ब्रेक पॅडवरून, आणि ती बरोबर होती, पॅड संपत आलेच होते.